राहू दे, कामी येईन

वऱ्हाडातल्या कोणत्याही घरी सज्ज्यावर चढून पाहा. दिवाळीच्या पणत्या, लग्नातली पितळी भांडी आणि जुनी गादी यांच्या मागे रिकामी खोकी असतातच. टीव्हीचे, कुलरच्या पंपाचे, मिक्सरचे, कुण्या पाहुण्याने आणलेल्या सफरचंदांचे. मिक्सरचे खोके वॉरंटीसाठी ठेवलेले असते. वॉरंटी संपते, मिक्सर जळतो, नवा येतो आणि खोकी दोन होतात. कुणी ती फेकायला काढली की घरातली म्हातारी खालून ओरडते, "राहू दे, कामी येईन!" ते खरोखर कामी येते का, कसे येते आणि कधी मुळीच येत नाही, हा या पुस्तकाचा विषय.

विषय किरकोळ वाटेल. पण रात्री दुकाने बंद व्हायच्या वेळी अमरावतीत जवाहर गेटच्या आत किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर एक चक्कर मारावी. शटरांसमोर चपटी केलेली खोकी सुतळीने बांधून ठेवलेली दिसतात. अमरावतीच्या बिझीलँड-सिटीलँडच्या ठोक कापड बाजारात साड्यांची, ड्रेसची, गंजीफ्रॉकची खोकी येतात. वरुड-मोर्शीकडे संत्र्याला पूर्वी लाकडी पेटी लागायची, तिथे आता प्लास्टिकचे क्रेट आणि खर्ड्याची, म्हणजे पुठ्ठ्याची, खोकी आहेत. त्यात घरपोच मालाची भर पडली. हल्ली चार्जरची एक वायरसुद्धा बुटाच्या डब्याएवढ्या खोक्यात ऐसपैस बसून येते.

एवढे सामान फुकट मिळते म्हटल्यावर त्याचे काय करावे हे सांगणारेही पुष्कळ झाले. पेनस्टँड करा, फोटोफ्रेम करा, दागिन्यांचा डबा करा. मला या पेनस्टँडचे कोडे कधी सुटलेले नाही. घरात पेने दोन, त्यातले एक चालत नाही, आणि स्टँड मात्र मुलांच्या शाळेच्या कृपेने पाच. वर चमकी आणि सोनेरी लेस चिकटवली की ती वस्तू कबाडीच्याही कामाची राहत नाही. म्हणून या पुस्तकात कोणती कृती घ्यायची हे ठरवताना एकच प्रश्न विचारला: केलेली वस्तू तीन महिन्यांनी घरात वापरली जात असेल का? या प्रश्नात बऱ्याच सुंदर वस्तू गळाल्या. त्याची मला खंत नाही.

वापरून झालेल्या वेष्टनाला दुसरा जन्म देणे वऱ्हाडाला कुणी शिकवायला नको. खोकी यायच्या आधी माल यायचा तो बारदान्यात, टिनाच्या पिप्यात आणि लाकडी पेटीत. तेलाचा पिपा वरून कापून, आडवा दांडा ठोकून विहिरीवर जायचा. गळायला लागला की माती भरून तुळशीला मिळायचा. अगदीच गंजला की उभा चिरून, ठोकून, सपाट करून गोठ्याच्या छपरावर चढायचा. चहाच्या पेट्यांची कपाटे व्हायची. चुंगडे धान्याचे काम संपल्यावर दाराचा पडदा, पायपुसणे, पावसात डोक्यावरची खोळ असे तीन-चार अवतार घ्यायचे. कापसाच्या गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्या कुंपणाला लागायच्या. यात कलाकुसर कुणी पाहत नव्हते. वस्तू टिकते तोवर तिच्याकडून काम काढून घ्यायचे, एवढाच हिशेब.

याच मातीतला एक माणूस हा हिशेब अंगावर घेऊन फिरला. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी जन्मले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला वारले. अंगावर चिंध्या जोडून केलेला सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, आणि हातात मडक्याचे खापर. तेच जेवणाचे ताट, तेच पाणी प्यायचे भांडे, आणि उन्हात तेच डोक्यावरची टोपी. बाबांच्या नावाने पुढे ग्रामस्वच्छता अभियान झाले, अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले, दरवर्षी जयंतीला हातात खराटा घेतलेले फोटो निघतात. खराटा लक्षात राहिला, खापर मागे पडले. गाव झाडल्यावर गोळा होणारा कचरा मुळात कमी कसा होईल, याचे उत्तर त्या खापरात होते असे मला वाटते.

खोक्याची मात्र एक अडचण आहे. चुंगडे फाटले तर शिवता येते, पिप्याला डाग देता येतो. पुठ्ठा मेला की मेला. त्याच्याकडून काम काढायचे तर तो कशाचा आणि कसा बनलाय हे आधी पाहावे लागते. बहुतेकांचे प्रयोग फसतात ते इथेच.

पुठ्ठ्यातल्या नळीदार कागदाचा जन्म खोक्यासाठी झालाच नाही. १८५६ मध्ये इंग्लंडात हिली आणि ॲलन या दोघांनी त्याचे पेटंट घेतले ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. टोपीचा आकार टिकावा आणि घाम टिपला जावा म्हणून. पुढे १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी तो बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळायला वापरला. तीन वर्षांनी ऑलिव्हर लाँग यांनी चुण्यांच्या कागदाला सपाट कागदाचे अस्तर जोडले आणि आजचा पुठ्ठा आकाराला आला. घडीच्या डब्याची गोष्ट वेगळी, आणि ती एका गफलतीतून घडली. १८७९ मध्ये ब्रुकलिनला रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात कागदी पिशव्यांवर छपाई चालली होती. यंत्रातली घडी पाडायची पट्टी सरकून उंच झाली आणि पिशव्या कापत सुटली. माल वाया गेला, पण कापणे आणि घडी पाडणे एकाच दाबात होऊ शकते हे गेअर यांना उमगले. सपाट पाठवायचा आणि जागेवर उभा करायचा डबा त्यातून निघाला.

आता घरातले एखादे खोके घ्या आणि त्याची कड चाकूने साफ कापून डोळ्यांजवळ धरा. दोन सपाट कागदांमध्ये एक लाट दिसली तर ते थ्री-प्लाय. दोन लाटा दिसल्या तर फाइव्ह-प्लाय. फ्रिज, वॉशिंग मशीन, कुलर यांची खोकी अशी असतात. लाट जाड, म्हणजे पाच मिलिमीटरच्या आसपास, असेल तर तो पुठ्ठा धक्का झेलतो. बारीक असेल तर त्यावर छपाई छान उठते, पण धक्क्याला तो कच्चा. पिझ्झ्याचा डबा बारीक लाटेचा. बुटाच्या किंवा साडीच्या बऱ्याच डब्यांना लाट नसतेच, तो नुसता जाड कागद.

लाट म्हणजे शेजारी शेजारी उभ्या केलेल्या नळ्या. नळी उभी असेल तर वजन पेलते, आडवी असेल तर चेपते. शाळकरी मुलालाही हे दोन मिनिटांत पटते. एकाच खोक्यातून एक पट्टी नळ्यांच्या दिशेने कापा, दुसरी आडवी. दोन्हींची गोल कडी करून जमिनीवर ठेवा आणि वर एकेक पुस्तक रचत जा. उभ्या नळ्यांची कडी दप्तर पेलेल, दुसरी चौथ्या-पाचव्या पुस्तकाला बसेल. या पुस्तकातल्या प्रत्येक आकृतीत बाणाने नळ्यांची दिशा दाखवली आहे. बाकीची मापे अर्धा-एक इंच इकडे-तिकडे झाली तर बिघडत नाही, पण बाण चुकवू नका. घडी पाडायची तर आधी चमच्याच्या दांड्याने किंवा रिफिल संपलेल्या पेनाने रेघ दाबून घ्यावी, मग वाकवावे. न दाबता वाकवले तर पुठ्ठा आपल्या मर्जीने मोडतो.

चिकटवायला बाजारचा डिंक चालतो, पण घरची खळ स्वस्त आणि पुरेशी. मैद्याची करा किंवा चिंचोक्याची. जुने बाइंडर खळीत मोरचूद टाकत, झुरळे आणि कसर लागू नये म्हणून. मोरचूद विष आहे. मुले हाताळणार असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

वऱ्हाडात पुठ्ठ्याचा सर्वांत चांगला उपयोग कोणता, असे कुणी विचारले तर मी उन्हाकडे बोट दाखवीन. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, त्याची बातमी देशभर होते आणि आपण ती कौतुकाने एकमेकांना दाखवतो. त्या उन्हाला कामाला लावायचे साधन दोन खोक्यांत तयार होते. १७६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या सोस्यूर यांनी काच लावलेल्या पेटीत ऊन कोंडून पाण्याला उकळी आणणारी उष्णता मिळवली होती. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ॲरिझोनात बार्बरा कर आणि शेरी कोल या दोघींनी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून घरगुती सूर्यचूल बनवली आणि ती कशी करायची हे लोकांना वाटत सुटल्या. १९९४ मध्ये नुसत्या घडीच्या पुठ्ठ्यावर चमकता कागद चिकटवलेली 'कुकिट' निघाली आणि पुढच्याच वर्षी केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत तिच्यावर स्वयंपाक सुरू झाला. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात सरकारी अनुदानावर सूटकेससारखे सोलर कुकर आले होते. त्यातले बरेच आज त्या सज्ज्यावरच असतील.

कृती सविस्तर आत आहे, इथे तिचे मर्म सांगतो. एका मोठ्या खोक्यात दुसरे असे बसवायचे की चारही बाजूंनी आणि खाली दोन बोटे जागा राहील. त्या जागेत कवडी कापूस भरायचा. जिनिंगवाला ज्याला भाव देत नाही तो. आतल्या भिंतींना खळीने ॲल्युमिनियमचा कागद, चमकती बाजू आपल्याकडे. तळाला काळा केलेला पत्रा. वर काच, आणि मोठ्या खोक्याचे एक झाकण आरशासारखे उभे, त्यालाही तोच कागद. भांडे पातळ आणि बाहेरून काळे हवे. रंग आणायला बाजारात जायची गरज नाही: चुलीवर ठेवून काळा झालेला गंज घासू नका, तसाच ठेवा. घरातल्या बाईला हे सांगताना जपून सांगावे लागते, कारण आयुष्यभर तो गंज घासून लख्ख ठेवण्यात तिने खांदे झिजवलेले असतात. चैत्र-वैशाखात सकाळी दहाला उन्हात ठेवलेला भात दुपारच्या जेवणाला होतो. तुरीची डाळ रात्री भिजवून ठेवली तर तीही होते. रताळी, भोपळा, शेंगदाणे उत्तम. तास-पाऊण तासाने खोके सूर्याकडे वळवायचे आणि वारा सुटला तर झाकणाला विटेचा टेकू द्यायचा. करपायची भीती नाही, त्यामुळे शेतावर जाणाऱ्या घराला ही चूल सोयीची. रोडगे मात्र हिच्यावर होत नाहीत. त्यांना गवऱ्यांचा हार लागतो आणि तो लागावाच.

उन्हाचीच दुसरी बाजू घरात येणारी धग. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चमकता कागद लावलेला पुठ्ठा टेकवला तर दुपारी खोलीत फरक कळतो. नळ्यांत अडकलेली हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. टिनाच्या घरात लोक पत्र्याखाली पुठ्ठे ठोकतात तेही याचसाठी. तिथे वायरी पाहून घ्याव्यात, उघडा जोड असेल तर पुठ्ठा लावू नये. कुलरचे हनीकोम पॅड पाहून कुणाला वाटेल की आपल्याही पुठ्ठ्याचे जमेल. ते पॅड नळीदार कागदाचेच असतात, पण रसायनात बुडवून कडक केलेले. साधा पुठ्ठा पाणी पिऊन दुसऱ्या दिवशी टाकीत लगदा होऊन पडतो.

लगदाच करायचा असेल तर तो मुद्दाम करावा. आपल्या आज्या रद्दीची टोपली करायच्या, ती विद्या आता दोन-चार घरांत उरली आहे. पुठ्ठ्यावरची टेप आणि पिना काढून त्याचे बोटभर तुकडे तीन दिवस पाण्यात भिजवायचे, पाणी बदलत राहायचे. मग उखळात कुटायचे. मिक्सरमध्ये नको, तंतू तुटतात आणि मिक्सरही जातो, म्हणजे पुन्हा एक खोके. भिजवलेली मेथी वाटून त्यात मळायची. मेथीचा चिकटपणा लगद्याला बांधतो, आणि तिच्या कडू वासाने कीडही लांब राहते. पालथ्या गंजाला ओले फडके लावून त्यावर हा लगदा एकसारखा थापायचा, सावलीत सुकवायचा, अर्धा वाळला की काढून आतून वाटीच्या बुडाने घोटायचे. जितके घोटाल तितके ते टणक. पूर्ण वाळल्यावर वरून पुन्हा मेथीचा हात. असे टोपले लसूण, सुक्या मिरच्या, लोकरीचे गुंडे यांना वर्षानुवर्षे पुरते. पोळ्यांना वापरायचे तर मधे फडके असावे, कारण परत परत वापरलेल्या कागदात शाई आणि तेलाचे अंश राहतात आणि ते अन्नाला थेट लागू नयेत.

फळबाजारातून आणलेल्या सफरचंदाच्या खोक्याला घरात मान द्यावा. काश्मीर-हिमाचलपासून इथवर थप्पीत दबून यायचे असते, म्हणून ते मुळात दणकट. त्यातले लगद्याचे खाचदार तक्ते मिरची-वांग्याची रोपे करायला चालतात, आणि भोके असलेले खोके आंब्याची आढी, म्हणजे गावाकडचा माच, घालायला. खाली तणस, मग आंबे, मग तणस. भोकांमुळे आंबे सडत नाहीत. कोंबड्यांची पिले पाळणारे याच पुठ्ठ्याच्या दीड फुटी पट्ट्या उभ्या करून बल्बभोवती गोल कडे करतात, म्हणजे पिले उबेपासून लांब भटकत नाहीत आणि कोपऱ्यात एकमेकांवर चढून चेंगरत नाहीत. अमरावती भागात कुक्कुटपालन मोठे, तेव्हा हा उपयोग शिकवायची गरज नाही. त्यांच्याकडूनच तो घेतला आहे.

सणांचे प्रकरण लिहिताना सर्वांत जास्त मजा आली. महालक्ष्म्यांची आरास पाहायला आलेल्या बायका शालू आणि मुखवटे पाहतात. शालूखालच्या पायऱ्या कशाच्या आहेत हे घरच्यांनाच ठाऊक. साबणाची, चहाची, बिस्किटांची खोकी, आत जुनी वर्तमानपत्रे ठासून भरलेली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा गणपतीच्या मखरांचे काय, म्हणून शहरांत ओरड झाली. मुंबईत नानासाहेब शेंडकर तर त्याच्या कितीतरी आधीपासून 'उत्सवी' या नावाने पुठ्ठ्याची घडीची मखरे बनवत होते. वऱ्हाडात मखराचा प्रश्न फारसा बिकट नव्हताच. भुलाबाईला पाच धांड्यांचा मांडव चालतो. भुलाबाईच्या खिरापतीसाठी मात्र पुठ्ठ्याचा डबा हवा. गाणी झाल्यावर डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचे असते, आणि स्टीलच्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू आहेत की मुरमुरे, हे आवाजावरून शेंबडे पोरही सांगते. पुठ्ठ्याच्या डब्याला आतून कापूस लावला की भल्याभल्या काकवा हरतात.

तान्हा पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन निघतात. चांगला बैल महाग, म्हणून कित्येक घरांत एकच बैल दोघा भावांत असतो आणि भांडणे होतात. फाइव्ह-प्लायचा बैल त्यावर उपाय. पायांत नळ्या उभ्या, पाठीत लांबीच्या दिशेने, चाकांना दोन गोल एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले, आस बांबूच्या कामटीची. झूल आईच्या जुन्या ब्लाउजपीसची. दिवाळीत किल्ले करायचे तर शिवनेरी-रायगड पुष्कळ झाले. गाविलगड आणि नरनाळा आपले आहेत. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाची नक्षी पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलून काढली तर छान जमते, आणि ती करण्यापूर्वी एकदा जाऊन दरवाजा पाहावा लागतो, हा त्यातला खरा फायदा.

शाळेबद्दल मला थोडे कडू बोलायचे आहे. 'टाकाऊतून टिकाऊ' हा विषय आता इतका रुळलाय की स्टेशनरीच्या दुकानात नवा कोरा पुठ्ठा आणि तयार 'टाकाऊ' प्रोजेक्ट विकत मिळतो. मूल घरी येऊन झोपते, वडील रात्री अकराला दुकान शोधतात. अरविंद गुप्ता यांनी आयुष्यभर याच्या उलट केले. होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात त्यांनी पाहिले की खेड्यातल्या मुलांना प्रयोगशाळा मिळणार नाही, तेव्हा काडेपेटी, सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे आणि खर्डा यांचीच प्रयोगशाळा करावी. पुढे पुण्यात आयुकामध्ये त्यांनी शेकडो खेळणी केली, मराठीसह कित्येक भाषांत ती फुकट उपलब्ध केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्याचे वैशिष्ट्य असे की ते मोडले तर मूलच दुरुस्त करते. बुटाच्या डब्याला सुईचे भोक पाडून केलेला सूचिछिद्र कॅमेरा या पुस्तकात आहे. मेच्या चौथ्या आठवड्यात अकोला-अमरावतीवर सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते, त्या आठवड्यात तो करून पाहावा. सूर्याकडे पाठ करून पाहायचे, हे मात्र मुलांना दहादा सांगा.

महाराष्ट्रातलाच आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. नवी मुंबईच्या 'आरंभ' संस्थेने २०१४ च्या सुमारास टाकून दिलेल्या खोक्यांतून एक वस्तू काढली: घडी घातली की दप्तर, उघडली की जमिनीवर बसणाऱ्या मुलासमोर उतरते मेज. खर्च दहा रुपयांच्या आत. वाकून लिहिणाऱ्या मुलांच्या पाठीचा आणि डोळ्यांचा विचार करून केलेली ही रचना देशोदेशी वाखाणली गेली. माझ्या मते तिचे मेज अव्वल आणि दप्तर दुय्यम. मेळघाटातल्या पावसात पुठ्ठ्याचे दप्तर शाळेपर्यंत पोचणार नाही. म्हणून या पुस्तकात तिच्यावरून सुचलेले फक्त मेज आहे, शाळेतच ठेवायचे.

मोठी माणसेही पुठ्ठ्यावर बसतात-निजतात, हे सांगितल्यावर लोक हसतात. अमेरिकेत फ्रँक गेरी यांनी १९७२ मध्ये पुठ्ठ्याच्या खुर्च्या विकल्या. जपानचे शिगेरू बान यांनी भूजच्या २००१ च्या भूकंपानंतर कागदी नळ्यांची घरे उभारली. २०२० च्या साथीत दिल्लीच्या छतरपूरला दहा हजार खाटांचे केंद्र उभे राहिले त्यात पुठ्ठ्याचे पलंग होते. आपल्या घरी पलंग करू नये. पाट, चौरंगाचा उंचवटा, पुस्तकांची उतरंड एवढ्यावर थांबावे.

बाग हे पुठ्ठ्याचे शेवटचे घर. अमरावतीचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, आपल्या शेतीपद्धतीत आच्छादनाला चार खांबांपैकी एक मानतात. त्यांचे आच्छादन पिकाच्या अवशेषांचे. शेतात तेच योग्य. गच्चीवरच्या कुंडीत कुठला आला कुटार? तिथे ओला करून अंथरलेला पुठ्ठा माती झाकतो, ओल धरतो, तण दाबतो आणि गांडुळांना आवडतो. घरच्या खतटोपलीत भाजीपाल्याचे पाणी सुटून वास येतो तेव्हाही त्याचे फाडलेले तुकडे टाकावेत. खत नीट व्हायला कार्बन आणि नत्राचे प्रमाण २५-३० ला १ असे हवे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, पुठ्ठ्यात नत्र नावालाच, कार्बन भरपूर. चकचकीत, मेण किंवा प्लास्टिक चढवलेला पुठ्ठा मात्र इथे आणू नये.

आणि कित्येक खोक्यांचे काहीच करू नये. कोरडे, स्वच्छ, न चिकटवलेले, न रंगवलेले खोके कबाड्याकडे गेले की गिरणीत जाऊन पुन्हा कागद होते. कागदाचा तंतू असे पाच-सात फेरे सोसतो, दरवेळी आखूड होत जातो. रस्त्यावर पुठ्ठा वेचणाऱ्या बाईची त्या दिवसाची भाजी त्यावर ठरते. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ मध्ये संघटना आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी केली, तेव्हा कुठे शहराला कळले की ही माणसे किती माल वाचवतात. आपल्याकडे तोच पुठ्ठा उष्ट्या अन्नात कालवून घंटागाडीत टाकला तर अमरावतीच्या सुकळीला नाहीतर अकोल्याच्या नायगावला कचऱ्याच्या डोंगरावर जाऊन पडतो आणि कुणाच्याच कामाचा राहत नाही. सज्ज्यावर दोन वर्षे पडून उधई लागलेल्या खोक्याचेही तेच. तेव्हा म्हातारीचे ऐकावे, पण एक पावसाळा उलटेपर्यंतच.

पावसाळ्याचे सांगायचे कारण असे की हवा दमट झाली की पुठ्ठ्याची ताकद अर्ध्यावर येते. आषाढ-श्रावणात केलेली कोणतीही वस्तू वाकते, खळीला बुरशी धरते. तोवर खोकी चपटी करून, भिंतीपासून हातभर दूर, फळीवर ठेवावीत. कामाला दसऱ्यानंतर हात घालावा. सूर्यचुलीचे प्रकरण होळीच्या आधी वाचून ठेवले तर चैत्रात काच शोधत फिरावे लागणार नाही, आणि लगद्याला निदान आठ कोरडे दिवस हवेत. प्रकरणांचा क्रम त्याच महिन्यांप्रमाणे लावला आहे. बैलाचे प्रकरण तेवढे पोळ्याच्या जागी न ठेवता वैशाखात घेतले, कारण त्याचा पुठ्ठा उन्हाळ्यातच चिकटवून ठेवावा लागतो.